वेगळं करा म्हणणारे लोक

‘दोघांना वेगळं करा’ हा सल्ला आपल्याकडे मागितला तर फुकट मिळतो, आणि न मागता मिळाला तर एका चहाच्या मोबदल्यात मिळतो. दोन पोरं खेळता खेळता ओरडली, करा वेगळी. दोन भाऊ अंगणात जरा चढ्या आवाजात बोलले, करा वेगळे. दोन जावा स्वयंपाकघरात एकमेकींकडे पाठ करून बसल्या, तर संध्याकाळपर्यंत विटांचा भाव विचारून आलेला एखादा परोपकारी गृहस्थ ओसरीवर हजर. एकत्र राहणाऱ्यांत कुरबूर झाली म्हणजे एकत्र राहणं संपलं, असं या मंडळींचं शास्त्र आहे. माझं या शास्त्राशी भांडण आहे. ते मी आज दोन गिनीपिगांच्या वतीनं मांडणार आहे, कारण त्यांना स्वतःची बाजू मांडायला सवड नाही. ते दिवसभर खात असतात.

महागावात गिनीपिग कुठून आले, हे आधी सांगायला हवं. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण. नागपूर-तुळजापूर रस्ता इथून जातो, त्यामुळे आर्णीकडून येणारं आणि उमरखेडकडे जाणारं सगळं काही आमच्या डोळ्यांपुढून जातं. कापूस जातो, सोयाबीन जातं, वऱ्हाडं जातात. गिनीपिग मात्र आपण होऊन कुणाकडे येत नाही. तो नातवंडांकडून येतो. आमची नात पुण्यात राहते. तिच्या बापाची बंगळूरला बदली झाली, तिथल्या घरमालकाला प्राणी चालत नव्हते, आणि मग ‘आबांना एकटं वाटतं’ असा शोध अचानक लागला. जानेवारीतल्या एका पहाटे भाजीच्या क्रेटमधून दोन केसाळ गोळे आमच्या माजघरात उतरले. दोघेही नर. वय पाच महिने, म्हणजे आपल्या हिशेबानं मिसरूड फुटायचं वय. हिनं त्यांची नावं लगेच ठेवली. मोठा तपकिरी तो सर्जा, पांढरा, एका कानावर काळा डाग असलेला तो राजा. बैलजोडीची नावं आहेत ही, असं मी म्हटलं. तर म्हणाली, मग जोडीच आहे ना ही.

पहिल्या आठवड्यात अर्धं गाव पाहून गेलं.

“सर, हे उंदीर कायले पोसून राह्यले जी?”

“उंदीर नाहीत. गिनीपिग.”

“दूध देते का?”

“नाही.”

“अंडे?”

“नाही.”

“मंग करते काय?”

या प्रश्नाला उत्तर नाही. निवृत्त मास्तरला हा प्रश्न अधिक बारकाईनं विचारू नये एवढीच विनंती.

तरी माहिती म्हणून सांगतो. गिनीपिग या नावात दोन शब्द आहेत आणि दोन्ही खोटे. तो आफ्रिकेतल्या गिनीचा नाही आणि डुकराचा कुणी लागत नाही. तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचा कुरतडणारा प्राणी. तिथल्या लोकांनी त्याला काही हजार वर्षांपूर्वी माणसाळवलं, ते प्रेमापोटी नव्हे, पोटासाठी. आजही तिकडे तो सणावाराला ताटात असतो. पेरू नावाच्या देशातून आलेल्या या प्राण्याला पेरूची फोडही आवडते, हा विनोद मी प्रत्येक पाहुण्याला ऐकवतो. (ही त्या वेळी आत चहा ठेवायला जाते.) त्याला क जीवनसत्त्व आपल्यासारखंच बाहेरून घ्यावं लागतं, शरीरात तयार करता येत नाही. त्यामुळेच १९०७ साली नॉर्वेतल्या होल्स्ट आणि फ्रोलिक या दोघांना स्कर्व्ही रोगाचा माग गिनीपिगांवर लागला. कॉख साहेबाच्या क्षयाच्या संशोधनात गिनीपिग होता. पुढे मुंबईत प्लेगची लस तयार करणारा हाफकिन, त्याच्या आधीच्या कॉलऱ्याच्या लशीतही गिनीपिग होता. एवढं करून मराठीत त्याच्या वाट्याला काय आलं, तर ‘आमचा गिनीपिग केला हो’ ही तक्रार. तीही माणसाची!

असो. मुद्दा त्यांच्या संसाराचा.

तिसऱ्या दिवशी सर्जानं घुरघुरायला सुरुवात केली. पलीकडच्या गल्लीत कुणीतरी जुनी राजदूत सुरू करतंय असा तो आवाज. घुरघुरता घुरघुरता तो कमरेपासून मागचं अंग डावीकडे-उजवीकडे हलवत राजाभोवती फिरू लागला, अगदी संथ, वरातीपुढे बँडवाल्याकडे बघत नाचणाऱ्या वयस्कर मामासारखा. राजानं दात वाजवले. कट कट कट, शिवणयंत्राला तेल नसल्यासारखे. मग दोघं समोरासमोर उभे राहिले आणि नाकं वर करू लागले. याचं वर, मग त्याचं वर, मग याचं आणखी वर. ज्याचं नाक शेवटी वर राहील तो मोठा, ज्याचं खाली येईल तो धाकटा. नाक वर असण्याचा अर्थ मराठी माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. त्यानंतर सर्जा बूड जमिनीला घासत सगळ्या खोक्यातून एक फेरी मारून आला. तो स्वतःचा वास लावून येतो. मी त्याला सातबाऱ्यावर नाव चढवणं म्हणतो. आणि शेवटी तो राजाच्या पाठीवर चढला.

इथं आमच्या ओसरीवरच्या विद्वत्सभेत खळबळ उडाली. पलीकडच्या काकूंनी पदर तोंडाला लावून जाहीर केलं की यातली एक मादी आहे, आणि दोन घरांना पिल्लं कबूलही करून टाकली. अजून कधी कधी विचारणा होते. एका गृहस्थांनी ‘आजकाल काय काय पाहावं लागतं’ असं म्हणून मान वळवली, आणि पुन्हा वळवून पाहिलं. तिसरे, महसूल खात्यातून निवृत्त झालेले आमचे तात्या. त्यांनी आयुष्यभर लोकांच्या वाटण्या पाहिल्या. त्यांनी निकाल दिला, “सर, हे मारतीन एकमेकाले. आजच वेगळे करा. मधात पत्रा टाका.”

आता या तिघांना मिळून माझं उत्तर असं. पाठीवर चढणं हे प्रेम नाही आणि अश्लीलही नाही. एका नराकडून दुसऱ्या नराला ‘मी थोरला’ एवढंच सांगायची ती पद्धत आहे. घुरघुर, कंबर हलवणं, नाक वर करणं, पाठलाग करणं, हे सगळं भांडण नसून भांडण टाळायची व्यवस्था आहे. दोन नर एका जागी आले, की आधी कोण खाणार, सावलीची जागा कुणाची, कुणी कुणाला वाट द्यायची, हे ठरावं लागतं. ते एकदा ठरलं की रोज ठरवावं लागत नाही. ठरवायचे मार्ग दोन, दातांनी किंवा देखाव्यानं. निसर्गानं बिचाऱ्याला दात कायम वाढते दिले आहेत, चावला तर बोटाचा तुकडा पाडील. एवढं हत्यार जवळ असून तो नाचून आणि घुरघुरून काम भागवतो, याला मी सभ्यता म्हणतो. ग्रामसभेत हत्यार नसतानाही आम्हाला एवढं जमत नाही.

आणि यात धाकट्याची बाजू कुणी बघत नाही. राजानं दुसऱ्या आठवड्यात नाक खाली घेतलं, एक बारीक ‘कुंई’ केलं आणि बाजूला होऊन कोथिंबीर खायला लागला. त्याचा अपमान झाला असं त्याच्या वजनावरून तरी वाटत नाही. सर्जा दिवसभर फेऱ्या मारून सातबारा सांभाळतो, राजा खातो. कोण जिंकलं, हे तुम्हीच ठरवा.

वेगळं करणाऱ्यांना एक गोष्ट माहीत नसते. असं घुरघुरणाऱ्या दोघांना उचलून वेगळं केलं आणि दोन दिवसांनी पुन्हा एकत्र सोडलं, तर ती परीक्षा पहिल्या पेपरापासून पुन्हा सुरू होते. झालेलं गणित पुसलं जातं. आमच्याकडे एक मावशी राहायला आल्या होत्या. त्यांनी मायेपोटी दोघांना शिकेकाई लावून न्हाऊ घातलं. अंगाचा वास गेला, खोक्यातलं गवत बदललं, तिथला वास गेला. महिन्याभरापूर्वी ठरलेली सगळी वडीलकी पाण्याबरोबर मोरीत. पुढचे दोन दिवस आमच्या माजघरात राजदूत सुरू होती. मावशी म्हणाल्या, “बघ, स्वच्छ केलं तरी भांडतात.”

तंट्याची खरी लक्षणं वेगळी असतात, ती ओळखावीत. अंगावरचा केस न् केस उभा, दातांचा आवाज थांबतच नाही, जबडा वासून दात दाखवणं, आणि मग उडी. दोघांचा मिळून एक चेंडू होतो आणि तो लोळत जातो. रक्त दिसलं की चर्चा बंद, ताबडतोब वेगळं करावं, आणि तेही हातानं नव्हे, जाड टॉवेल टाकून. हे मी पुस्तकी सांगत नाही. आमच्याकडे तसं एकदा झालं. ‘बिचाऱ्यांना सोबत नाही’ म्हणून एका हितचिंतकानं नांदेडहून एक मादी आणली आणि एक रात्र शेजारच्या खोलीत ठेवली. भिंत मध्ये असली म्हणून काय झालं, वासाला दार लागत नाही. सकाळी राजाच्या काळ्या कानाला चावा आणि पांढऱ्या मानेवर रक्ताचा थेंब. हिनं टॉवेल टाकला. मादी त्याच दिवशी परत नांदेडला गेली. तात्या पत्रा घेऊन आले.

हिनं पत्रा परत पाठवला आणि जाळी मागवली.

पत्रा आणि जाळी यांत सगळा फरक आहे, म्हणून इथं जरा थांबतो. पत्र्यापलीकडचा भाऊ काही दिवसांत परका होतो. जाळीतून तो दिसतो, त्याचा वास येतो, त्यानं ‘कुंई’ केलं तर इकडून उत्तर देता येतं, पण दात पोचत नाहीत. चार दिवस दोघं जाळीला अंग लावून आपापल्या बाजूनं झोपले. पाचव्या दिवशी हिनं त्यांना त्यांच्या खोक्यात नव्हे, तर ओसरीवर, कुणाचाच सातबारा नसलेल्या जागी, ताज्या हरळीच्या ढिगाऱ्याभोवती सोडलं. तासभर घुरघुर झाली. मग दोघं एकाच ढिगाला दोन बाजूंनी भिडले.

एकत्र राहण्याचं म्हणून जे काही पथ्य आहे ते सगळं हिनं स्वतः पाहून बसवलं. जागा ऐसपैस, दोन नरांना दहा चौरस फुटांच्या आसपास तरी. दुकानात मिळतो तो पिंजरा म्हणजे भाड्याची खोली आहे, त्यात देवसुद्धा भांडतील. वाट्या दोन, आणि त्या एकमेकींपासून लांब. पाण्याच्या बाटल्या दोन. लपायला घर असेल तर त्याला दारं दोन, म्हणजे धाकट्याला कोपऱ्यात गाठून कुणी नाक वर करू नये. तिसरा नर आणू नये, मादी तर गल्लीतही आणू नये. आणि उन्हाळ्यात आमच्या भागातल्या उन्हात त्यांना जिवापाड जपावं, कारण तिशीच्या वर पारा गेला की ते कासावीस होतात. मार्चपासून आमचा कूलर त्यांच्याकडे तोंड करून असतो. मी पाठीमागे बसतो. तिथंही थोडा वारा येतो.

याला शास्त्राचाही आधार आहे. नॉर्बर्ट सॅक्सर या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानं गिनीपिगांच्या कळपांवर वर्षानुवर्षं काम केलं. त्याला असं आढळलं, की जे नर कळपात, थोरल्या नरांच्या धाकात वयात येतात, ते पुढे अनोळखी नराशी गाठ पडली तरी फारसं न भांडता जमवून घेतात. जे एकटे वाढतात ते मात्र परका नर समोर आला की तुटून पडतात, आणि त्यांच्या रक्तातली ताणाची रसायनं चढून बसतात. म्हणजे नाक कधी वर करावं आणि कधी खाली घ्यावं, हे जन्मतः येत नाही. ते दुसऱ्याबरोबर राहून शिकावं लागतं. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ च्या प्राणी संरक्षण नियमांनुसार गिनीपिग एकटा ठेवायचीच मुभा नाही, किमान दोन हवेत. आपल्याकडे एकटं ठेवायचा सल्ला देणाऱ्याला चहा मिळतो.

उलट बाजूची एक जमातही आहे, तिचा समाचार घेतला पाहिजे. माझा भाचा यवतमाळला असतो आणि व्यक्तिमत्त्व विकासाची व्याख्यानं ऐकतो. त्यानं सर्जाकडे पाहून मोठ्या आदरानं सांगितलं, “मामा, हा अल्फा आहे. माणसानं असं असावं. लांडग्यांत अल्फा असतो, तो सगळ्यांवर राज्य करतो.” मी त्याला पाट दिला आणि बसवून सांगितलं. लांडग्यांची ही कथा १९४७ साली शेन्केल नावाच्या संशोधकानं बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांवरून लिहिली. कुठून कुठून आणलेले, एकमेकांशी नातं नसलेले लांडगे एका कुंपणात घातले, तर ते दुसरं काय करणार? डेव्हिड मेक यानं १९७० साली आपल्या पुस्तकातून ती जगभर नेली. पुढे रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिल्यावर त्याच मेकनं १९९९ साली लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पोरं. ज्याला आपण अल्फा म्हणत आलो तो पोरांचा बाप! मग त्यानं प्रकाशकाच्या मागं लागून स्वतःचंच पुस्तक छापणं बंद करवलं. भाचा म्हणाला, “पण सर्जा तर आहे ना अल्फा?” त्याच वेळी सर्जा राजाच्या अंगाला अंग लावून झोपला होता आणि राजाचा पाय त्याच्या तोंडावर होता.

मोठेपणाची हौस जनावरापेक्षा माणसाला जास्त. पोळ्याला पाहा. आमच्या विदर्भात आदल्या दिवशी खांदेमळणी होते, पोळ्याच्या दिवशी बैल सजून तोरणाखाली उभे राहतात, झडत्या म्हटल्या जातात. बैल शांत असतात. जुवाला डावा कोण आणि उजवा कोण, हे त्यांचं कधीच ठरलेलं असतं. (बैल खच्ची केलेले असतात, तेव्हा तुलना ओढूनताणून आहे, हे तात्यांनी म्हणण्याआधी मीच म्हणतो.) मानाची जोडी कुणाची, तोरणातून आधी कोण जाणार, यावरून ज्यांची नाकं वर होतात ते सगळे दोन पायांवर उभे असतात.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते सांगतो. आमच्याच ओळीत दोन भाऊ राहत होते. बापानं बांधलेलं घर, मोठी ओसरी. थोरला शेती पाही, धाकट्याची मालवाहू गाडी. भांडण कशावरून? ओसरीवरच्या खुर्चीवरून. गाडी आली की धाकटा थेट वडिलांच्या खुर्चीत बसायला लागला. थोरला घुरघुरला. धाकट्यानं दात वाजवले. आठ दिवस नाकं वर-खाली झाली असती, आणि एक खुर्ची आणखी आणली असती तर सहाव्या दिवशीच संपलं असतं. पण हितचिंतक जमले. बैठक बसली, चहा झाला, आणि तिसऱ्या दिवशी ओसरीच्या मधोमध विटांची भिंत उभी राहिली. नऊ इंची. आईची वाटणी सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. ती म्हातारी हल्ली दुपारी माझ्याकडे सर्जा-राजाला पाहायला येते, कारण दोघं पोरं एका जागी बसलेली तिला आता फक्त इथंच दिसतात. तिचं वाक्य आहे हे, माझं नाही.

तात्या म्हणतात, भिंत घातल्यापासून त्या घरात एकही भांडण नाही. खरं आहे. घुरघुरायलाही समोर कुणीतरी लागतं.

मी सरसकट एकत्र राहा असं म्हणतोय, असं कुणी समजू नये. ज्या घरात रोज हात उचलला जातो, सुनेच्या अंगावर वळ दिसतात, तिथं आधी टॉवेल टाका, माणूस बाहेर काढा, मग काय ते बोला. तिथं जाळीच्या गोष्टी सांगणारा निर्दयच. आणि थोरला असला म्हणून त्यानं धाकट्याची वाटीही खावी, असं कुठल्याही प्राण्याच्या शास्त्रात लिहिलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की रक्त आणि घुरघुर यांतला फरक पाहायला जरा वेळ लागतो. ओसरीवर बसून, हात मांडीखाली दाबून, तोंड मिटून पाहावं लागतं. सल्ला देणाऱ्याला नेमकं तेच जमत नाही.

तात्या अजून येतात. येताना आमच्या माजघरात डोकावतात, मान हलवतात, “करा आता वेगळे” म्हणतात आणि बसतात. काल ते बसलेले असतानाच हिनं दोन्ही वाट्यांत ढोबळी मिरचीचे तुकडे टाकले. सर्जानं आपली वाटी सोडली, घुर्र करत गेला आणि राजाला त्याच्या वाटीवरून हुसकावलं. राजा वळसा घालून सर्जाच्या वाटीवर आला. तीत दोन तुकडे जास्त होते.